फिरवायचं राहिलेलं ताट

४ जानेवारी

ही वही मानोय पर्फेक्तोंनी दिली. विमानतळावर ते हवामानाची नोंद ठेवतात, तिथलं जुनं रजिस्टर, अर्धं कोरं. प्रत्येक पानावर रकाने छापलेत: वेळ, वारा, ढग, शेरा. "मानाय, दिवसभर भिंतीशी बोलता, त्यापेक्षा हिच्याशी बोला," म्हणाले. मी म्हटलं, भिंत निदान उलट उत्तर देत नाही. तर म्हणे, वहीसुद्धा देत नाही. मी त्यांना मानोय, दादा म्हणते, ते मला मानाय, ताई; माणूस शांत आहे, पण बोलला की असा बोलतो.

वहीच्या पहिल्या पानावर नाव घालावं असं शाळेत शिकवलं होतं. तर नाव: सालूद मार्सेयाना. धंदा: खानावळ, लेगास्पी विमानतळाच्या फाटकासमोर. वय: विचारू नये. घरात माणसं: एक.

आज लिहिण्यासारखं एवढंच, की लेकीचा, लिझेलचा निरोप आला. एकोणीस तारखेला दुपारच्या विमानाने येते आहे. बारा वर्षांनी. कुवेतला जिच्या घरी कामाला आहे त्या बाईंनी सुट्टी दिलीय, पण जायचे-यायचे दिवस वजा करून घरी राहायला मिळणार तीन. मी उत्तर पाठवलं, "बरं."

येते तर येऊ दे. तिचंच घर आहे. मला त्याचं विशेष काही नाही.

बाजारातून येताना एक उशी घेतली. जुनी दबली होती म्हणून.

७ जानेवारी

आज मनिलाहून आलेला एक साहेब जेवायला होता. नवा विमानतळ कुठे बांधायचा ते मोजायला आलाय. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर आमच्या मिरचीचा घाम. पाचसहा माणसं जेवत होती. त्यातला एक खोबऱ्याचा व्यापारी, एकटाच, नारळाच्या दुधातलं डुकराचं मटण निम्मं खाऊन झालं होतं, तेवढ्यात रस्त्यापलीकडचा भोंगा बोलला. प्रवाशांनी चढायला यावं म्हणून. बिचारा तोंड पुसत उठला आणि पिशवी उचलून पळाला.

मी ओरडले, "ताटं!"

सगळ्यांनी मुकाट्याने आपापली ताटं फिरवली. रोजची गिऱ्हाइकं आहेत, तोंडात घास असला तरी हात चालतो. साहेब तेवढा बघत बसला. मी जाऊन त्याचं ताट फिरवलं.

"अहो आजी! माझा मासा पलीकडे गेला की!"

"आजी कुणाला म्हणतो रे? मासा कुठे पोहून जात नाही. फिरवलेलं बरं असतं."

मानोय पर्फेक्तो कोपऱ्यातल्या टेबलावर होते. ते रोज बारा वाजताची नोंद करून येतात आणि एकच्या नोंदीला परत जातात. ते म्हणाले, "जेवण चालू असताना कुणी प्रवासाला उठलं, की जेवणाऱ्यांनी ताट फिरवायचं असतं, साहेब. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो."

"ते मला माहीत आहे. माझी आजी, लोलाही करायची," साहेब म्हणाला. "पण घरच्या माणसासाठी! तुम्ही गिऱ्हाइकासाठी करता?"

"इथून उठलेला माणूस ट्रायसिकल रिक्षात नाही बसत, विमानात बसतो," मी म्हटलं. "आणि समोर ही बया उभी आहे." मी समोरच्या ज्वालामुखी डोंगराकडे बोट दाखवलं. मागायोनबाईंनी आज कमरेच्या वर ढग ओढून घेतला होता. परक्या माणसाला ती तोंड दाखवत नाही.

साहेब हसला. मग म्हणाला, "आणि तुमचं ताट कुठे आहे? तुम्ही काय फिरवता?"

"मी उभ्यानेच खाते. धंद्यात बसायला वेळ कुणाला आहे?"

मानोय पर्फेक्तोंनी मान खाली घातली आणि भात खात राहिले. त्यांना वाटतं मला दिसत नाही.

९ जानेवारी

लिझेलची खोली झाडली. पलंगाखाली तिची शाळेची चप्पल सापडली. आता वही आहेच हाताशी, तर लिहून टाकते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

तिचा बाप विमानतळाच्या आवारातलं गवत कापायचा. बारा वर्षांपूर्वी वादळात झाड अंगावर पडून गेला. चाळीस दिवस झाले आणि ही पोर मला, आपल्या आईला, म्हणाली, नानाय, माझे कुवेतचे कागद आले. मी म्हटलं, बापाची माती ओली आहे अजून. ती म्हणाली, म्हणूनच जाते, दोघींनी इथे बसून रडून काय होणार आहे? दोघींची डोकी सारखीच, दुसऱ्याचं ऐकून घेणारी नाहीत. आठ दिवस घरात भांड्यांशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

जायच्या दिवशी नणंदा, दीर, सगळे जेवायला बसलो होतो. गाडी वेळेआधी आली. लिझेल अर्ध्या ताटावरून उठली. सगळ्यांनी ताटं फिरवली आणि मी माझ्या ताटावर हात ठेवला. असा, पंजा पसरून. नणंद म्हणाली, "सालूद, फिरव ना ग!" मी म्हटलं, "जेवणाऱ्याला जेवू द्या." लिझेल दारात उभी होती. तिने माझा हात बघितला. मग गेली.

पाच महिन्यांनी कळलं, की कुवेतमध्ये जिन्यावरून पडली. कमरेचं हाड मोडलं. तीन महिने इस्पितळात होती, परक्या मुलखात, एकटी. मला तिने नाही कळवलं. चुलत बहिणीकडून कळलं.

त्या दिवसापासून मी टेबलावर बसून जेवलेली नाही. म्हणजे त्याच्यामुळे असं नाही. सवय मोडली, इतकंच.

१२ जानेवारी

मागायोन बाईसाहेबांना खोकला झालाय. सकाळी उघड्या पडल्या तेव्हा डोक्यावरचा धूर नेहमीसारखा पांढरा नव्हता, करडा होता. रेडिओवर सांगितलं, धोक्याची पातळी दोनवरून तीन. वरच्या वस्त्यांतल्या लोकांना खाली शाळांमध्ये आणताहेत.

मानोय पर्फेक्तोंना विचारलं, विमानं बंद होतील का? म्हणाले, "राख कुठे जाते ते वारा ठरवतो. सध्या वारा पलीकडे नेतोय."

"एकोणीसला कुठे नेईल?"

"एकोणीसला विचारा."

एक सरळ उत्तर देईल तर शपथ. विसाव्या वर्षापासून आकाशाकडे बघून बघून या माणसाची मान वर वळली आहे, पण उद्याचं विचारलं की हात वर.

१४ जानेवारी

पिनांगात नावाचं कालवण करायचं ठरवलंय. लिझेलला लहानपणी फार आवडायचं. अळूच्या पानात कोळंबी आणि मिरची घालून पुडी बांधायची आणि नारळाच्या दुधात चार तास मंद ठेवायची. हात लावायचा नाही, ढवळलं की अळू खाजतं. लिझेल सात वर्षांची असताना माझी पाठ वळल्यावर तिने डाव घातला होता. सगळ्यांच्या घशाला खाज, आणि ही आपली म्हणते, मांजराने ढवळलं.

हसू आलं लिहिताना. इथे हसून काय उपयोग, बघायला कोण आहे?

तिला आता तिखट चालतं का, माहीत नाही. विचारू कसं? दर नाताळला ती लिहिते, "मेरी क्रिसमस, नानाय," मी लिहिते, "तुलाही." यात मिरची कुठे बसवायची?

१६ जानेवारी

राख पडली. फार नाही, पिठाच्या चाळणीतून पडावी तेवढी. पण टेबलं पुसून वळलं की पुन्हा करडी. अळूची पानं एकेक करून धुवावी लागली. दोन्ही विमानं रद्द. खानावळ गच्च भरली, अडकलेली माणसं, रडणारी पोरं, एक नवरीसुद्धा, सगळ्यांना भात हवा. लोक म्हणाले, मानाय, तुमची तर चांदी आहे.

मला काही सुचत नव्हतं. दोनदा मीठ घातलं रश्शात. कुणी बोललं नाही, एवढी भूक.

१७ जानेवारी

वेळ: दुपार. वारा: माहीत नाही. ढग: डोक्यात. शेरा: पर्फेक्तो गाढव.

शांतपणे लिहिते.

ते जेवायला आले तेव्हा मी जास्तीचा मासा वाढला. समोर उभी राहिले आणि म्हटलं, "मानोय, परवाच्या दुपारच्या विमानाचं तुमच्या नोंदीवरच ठरतं ना?"

"नुसतं माझ्या नाही. पण माझी मागतात, हो."

"मग थोडी राख असली तरी, 'साफ आहे' एवढं लिहिलं तर काय बिघडतं? कप्तानाला डोळे असतात. जवळ आला की तो बघेल ना."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "जवळ येईपर्यंत राख यंत्रात गेलेली असते."

"एकदाच. वीस वर्षं तुम्हाला गरम भात घालते आहे. कधी काही मागितलं?"

"नाही."

"मग?"

"मानाय, त्या विमानात लिझेल बसलेली असणार. मी कुणासाठी खोटं लिहू?"

मोठा आला शहाणपणा शिकवणारा! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या, की मी त्यांचं ताट उचललं. निम्मा मासा होता त्यात. म्हटलं, "भात संपला. उद्यापासूनही संपलेलाच असेल."

"बरं," म्हणाले, टोपी घेतली आणि रस्ता ओलांडून गेले. जाताना त्यांनी आधी वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघितलं. भांडण झालं तरी या माणसाचं डोकं वरच.

१८ जानेवारी

लिझेल मनिलाला उतरली. "पोचले नानाय. उद्या येते." मी लिहिलं, "बरं." मग लिहिलं, "मिरची चालते का?" मग ते पुसलं आणि नुसतं बरं पाठवलं.

पर्फेक्तो आले नाहीत. त्यांच्या खोलीच्या खिडकीत बसून पाव खाताना दिसले. खाऊ देत.

१९ जानेवारी

सकाळी उठले तर आभाळ धुतल्यासारखं. बाईसाहेब डोक्यापासून पायापर्यंत उघड्या, धूर तेवढा पलीकडे कललेला. जिवात जीव आला. पहाटेच पुड्या चुलीवर ठेवल्या होत्या. निळा झगा घातला, नणंद म्हणते मला तो शोभतो. अकराला कळलं, विमान मनिलाहून सुटलं.

बाराला वारा पडला. अगदी पान हलेना. मग डोंगराच्या बाजूने गार झुळूक आली. मी हात पुसत बाहेर आले. कापडी पिशवी फुगली होती आणि तिचं शेपूट आमच्याकडे वळलं होतं. डोंगराने तेवढ्यात एक मोठा ढेकर दिला, करडा, फुलकोबीसारखा फुगलेला, आणि तो सगळा इकडे निघाला.

आणि विमानाचा आवाज आला. दिसत नव्हतं, ढगाच्या वर होतं. आवाज समुद्राच्या बाजूने आला आणि डोक्यावर आला. मी वर बघत रस्त्यातच उभी होते. जीपवाला ओरडला, "मानाय, मरायचंय का?" विमानाने एक घिरटी घातली. मी मनात म्हटलं, इना, देवमाते, उतरव ग तिला, माझ्या हातून झालं ते झालं, पण उतरव. पलीकडे पर्फेक्तो गच्चीवर उभे होते, फोन कानाला. त्यांचे ओठ हलताना मला दिसले.

आवाज मनिलाकडे गेला. लहान होत होत गेला. मग राख पडू लागली.

झाकण काढून बघितलं. पुड्या छान शिजल्या होत्या. डाव घेतला आणि ढवळून टाकलं सगळं.

२० जानेवारी

सकाळी लिझेलचा निरोप: "नानाय, आजची विमानंही बंद आहेत म्हणे. बसने येऊ का? बारा तास लागतात. उद्या सकाळी पोचेन. परवा परतायचं."

मी बराच वेळ फोन हातात धरून बसले. बसले म्हणजे उभीच होते. मग लिहिलं, "तुला जमेल तसं."

दुसरं काय लिहिणार? मोडलेल्या हाडाच्या बाईने बारा तास बसमध्ये बसायचं, तेही एका दिवसासाठी. ये म्हटलं आणि वाटेत काही झालं, तर? आणि ये म्हटलं आणि ती नाही आली, तर? बारा वर्षं मान ताठ ठेवली, ती आता फोनवर वाकवू? तिला यायचं असेल तर येईल. मी अडवलेलं नाही.

तिचं उत्तर नाही. दहा वाजले, अकरा वाजले.

बाराला पर्फेक्तो आले. दारातच उभे राहिले, टोपी हातात. मी म्हटलं, भात संपला. ते म्हणाले, "वास येतोय."

"वासाला चव नसते."

"मुलगी बसने येते का?"

"तिला जमेल तसं, म्हणून कळवलंय. डोंगरच आड आला तर मी काय करणार?"

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "डोंगर बसच्या आड येत नाही, मानाय. रस्ता मोकळा आहे, मी सकाळी विचारलं. मी रोज वर बघून लिहितो, कोण आड आलंय ते. आज तुम्हीच बघा."

आणि गेले. म्हणजे मला बोलून गेले! माझ्या दारात, न जेवता! काय बोलले ते तरी कळायला हवं माणसाला. मी तावातावाने दोन कांदे चिरले. लागत नव्हते तरी चिरले.

मग फोन घेतला आणि लिहिलं, "पिनांगात केलंय. बिघडलंय, ढवळलं गेलं. नवं करते आहे. तुझ्यासाठी. ये."

'ये' लिहायला तीनदा बोट चुकलं. वय झालं.

उत्तर लगेच आलं, जणू फोन धरूनच बसली होती. "ढवळलं कुणी?"

मी लिहिलं, "मांजराने."

२१ जानेवारी

आली.

बस सातला आली. मी साडेपाचपासून थांब्यावर होते, तिथून बाजार जवळ पडतो म्हणून. आधी पिशवी उतरली, मग एक पाय उतरला, मग ती. डावा पाय जरा ओढते. केस कापलेत. बापाचं कपाळ.

"नानाय, तुझं डोकं पांढरं झालं," ती म्हणाली.

"राख आहे," मी म्हटलं.

तिने खरंच हाताने झटकून बघितलं. मग दोघी हसलो. मग मला रडू आलं आणि मी बाजाराकडे तोंड केलं.

दिवसभर ती झोपली, उठली, खाल्लं, पुन्हा झोपली. मी नवी उशी दिली होती, पण तिने जुनीच घेतली. मी दारातून तीनचारदा बघून आले, श्वास चालू आहे का. बोलायला असं काही सापडेना. पाय दुखतो का, मी विचारलं. थंडीत दुखतो, ती म्हणाली. कुवेतला थंडी असते? असते, नानाय. एवढंच झालं बोलणं.

राख थांबली आहे. उद्या विमानं सुटणार, दुपारी दोनला. परतीचं तिकीट चालेल म्हणे. जेव्हा यायला हवं होतं तेव्हा नाही, जायच्या वेळेला मात्र आभाळ साफ. बाईसाहेबांचा न्याय.

२२ जानेवारी

जसं घडलं तसं लिहिते, घाई करत नाही. आता घाई कसली.

साडेअकरापासून खानावळीत गर्दी होती. चार दिवस अडकलेली सगळी माणसं खाऊन रांग लावायला रस्त्यापलीकडे गेली, त्यामुळे साडेबाराला इथे फक्त लिझेल उरली. मी तिला मधल्या टेबलावर बसवलं आणि नवं पिनांगात वाढलं. तिने पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तिखट." मी म्हटलं, "नको असेल तर..." ती म्हणाली, "गप ग, वाढ अजून."

मी तिच्याशेजारी उभी होते, फडकं हातात. आणि एकदम तोंडातून निघून गेलं.

"त्या दिवशी मी ताट नाही फिरवलं."

ती खात राहिली. "माहीत आहे. मी बघितलं."

"म्हणून तू पडलीस."

"नानाय, जिना ओला होता. मीच पुसला होता. साबणाचं पाणी होतं. ताटाचा काय संबंध?"

"मग बारा वर्षं आली का नाहीस?"

तिने चमचा ठेवला. "पडले त्याचं नाही काही वाटलं. तू हात असा ठेवला होतास त्याचं वाटायचं. दरवर्षी तिकीट काढायचं म्हटलं, की तो हात दिसायचा. वाटायचं, हिला मी पोचले काय न पोचले काय."

मी पुसलेलं टेबलच पुन्हा पुसू लागले. मी काय म्हणणार होते कोण जाणे, कारण तेवढ्यात पर्फेक्तो धावत आले. या माणसाला वीस वर्षांत मी धावताना बघितलं नव्हतं.

"मानाय, वारा फिरतोय. मी कळवलं. कप्तान म्हणतो, दोनपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच निघायचं. लिझेल, चल बाळ, पिशवी मी घेतो."

रस्त्यापलीकडे भोंगा बोलू लागला. लिझेल उठली. ताटात निम्मी पुडी, निम्मा भात. तिने मला मिठी मारली, घामाची, घाईची, आणि दाराकडे गेली. डावा पाय ओढत. उंबऱ्यावर थांबली आणि वळली. तिने टेबलाकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे.

"नानाय, तुझं ताट कुठे आहे?"

मी आजूबाजूला बघितलं. खानावळ रिकामी. दुसरं एकही माणूस जेवत नव्हतं. अख्ख्या जगाची ताटं फिरवणारी मी, आणि माझ्या पोरीच्या वेळेला फिरवायला एक ताट नाही!

"तुझंच फिरवते," मी म्हटलं.

"जाणाऱ्याचं नाही चालत. राहणाऱ्याचं लागतं. तूच शिकवलंस."

"अग, विमान जाईल!"

"तू जेवायला बसल्याशिवाय मी हलत नाही."

भोंगा पुन्हा बोलला. मी पर्फेक्तोंकडे बघितलं, की काहीतरी सांगा हिला. त्यांनी घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं आहेत," ते म्हणाले. "बसा, मानाय."

मी ताट घेतलं. भात वाढताना अर्धा बाहेर सांडला. खुर्ची ओढली आणि बसले. खुर्ची किती खाली असते ते विसरलेच होते मी. एक घास तोंडात घातला. दोघं दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघताहेत, भोंगा बोंबलतोय आणि मी आपली चावतेय. शेवटी गिळला. मग ताटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि फिरवलं. अर्धवट नाही. पूर्ण एक फेरा, सावकाश, तिला दिसेल असं.

लिझेलने मान हलवली. मग हसली, रडत होती तरी, आणि गेली. पर्फेक्तो पिशवी घेऊन तिच्या वेगाने चालले. रस्ता ओलांडताना त्यांनी जीप थांबवायला हात वर केला होता.

पुन्हा कधी येशील, ते मी विचारलं नाही. तीही बोलली नाही.

मी उठले नाही. बसल्या जागेवरून विमान ऐकलं, धावताना, उचलताना, मग समुद्रावरून वळताना. ताटाच्या कडेवर हात होते, ते ती पोचेपर्यंत तसेच ठेवायचे होते. दीडला डोंगराने राख सोडली आणि दार करडं झालं. गिऱ्हाईक कुणी येणार नव्हतं. पर्फेक्तो नोंद करून आले, दारात टोपी झटकली, आणि काही न विचारता स्वतःच भात वाढून घेऊन कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. "साफ गेलं," एवढंच म्हणाले. "राखेच्या आधी बारा मिनिटं."

"जेवा मुकाट्याने," मी म्हटलं. भात भरपूर होता.

सव्वादोनच्या सुमारास फोन वाजला. निरोप वाचायला हात सोडवावे लागले, बोटं आखडली होती.

"पोचले. आता ताट उचल, नानाय."

मी ताट उचललं नाही. भात होता अजून त्यात. गार झाला होता. बसूनच संपवला.